मेंदूतील गाठ आणि रक्ताचे पाट

'रक्ताचे पाट वाहिले' असे शब्द कानी पडले की आपल्याला पानिपत आठवते, जुन्या बखरी आठवतात. पण वाचकहो, आज मी आपल्याला निराळ्याच रक्ताच्या पाटांची हकीकत सांगणार आहे. हे पाट रणांगणावर वाहत नाहीत. ते माणसाच्या कवटीच्या आत वाहतात आणि चोरून काढलेले असतात. मेंदूत एखादी वाईट जातीची गाठ उठली, म्हणजे ती आपल्यापुरत्या नव्या रक्तवाहिन्या वाढवून घेते. दुसऱ्याच्या कालव्याला रात्रीतून भगदाड पाडून आपले वावर भिजवणारा माणूस आपण पाहिला असेल. गाठीचा धंदा तसाच. या चोरपाटांचा माग डॉक्टरांनी कसा काढला, त्यात ते कुठे फसले आणि कुठे शहाणे झाले, ती सुमारे शंभर वर्षांची कथा आहे.

ही कथा आपल्याला कशाला हवी, असे कोणी विचारील. तर असे समजा, की आपल्याच गावातल्या एका गृहस्थाला सकाळी उठताना डोके दुखू लागले, मग एक दिवस फिट आली. तपासण्या झाल्या, मेंदूत गाठ निघाली. शहरात नेऊन शस्त्रक्रिया केली, किरणांचे उपचार झाले, गोळ्या झाल्या. घरच्यांनी निःश्वास टाकला. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एम. आर. आय. काढला, तो गाठीच्या जागी पांढरा डाग पहिल्यापेक्षा मोठा! आता ही गाठ परत आली म्हणायची, की किरणांनी झालेली जखम म्हणायची? गाठ असेल तर उपचार बदलायला हवा, कदाचित पुन्हा डोके उघडायला हवे. जखम असेल तर चालू उपचार गुण देत आहे, तो सोडता कामा नये. डाग एकच, अर्थ दोन, आणि दोन अर्थांच्या मध्ये एका माणसाचा जीव. आजची सगळी कथा शेवटी या प्रश्नापाशी येऊन पोचणार आहे, एवढे ध्यानात ठेवा.

आरंभ करू या १८९५ सालापासून. त्या वर्षी जर्मनीत रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले आणि माणसाचे हाड जिवंतपणी पाहता येऊ लागले. पण मेंदूच्या बाबतीत याचा उपयोग थोडाच. क्ष-किरणांत हाडाची सावली पडते, मऊ मांसाची नीट पडत नाही. मेंदू कवटीत कसा, तर पेवात धान्य असावे तसा. वरचे झाकण दिसते, आत काय किडले आहे ते दिसत नाही. १९१८ साली अमेरिकेत वॉल्टर डँडी नावाच्या शस्त्रवैद्याने मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणांचे चित्र काढले. पोकळी एका बाजूला ढकललेली दिसली, की समजावे, पलीकडे गाठ आहे. युक्ती चांगली होती, पण रोग्याला फार त्रासाची.

मग पोर्तुगालात लिस्बन शहरी एगास मोनीझ नावाच्या डॉक्टरांनी निराळा विचार केला. गाठ दिसत नाही ना, मग तिच्या भोवतीच्या रक्तवाहिन्याच दाखवू! आयोडीन असलेले क्षार क्ष-किरणांना अडवतात. तो क्षार मानेतल्या मोठ्या धमनीत सोडला आणि लगेच चित्र घेतले, तर मेंदूतल्या धमन्या झाडाच्या फांद्यांसारख्या उमटतील, हा त्यांचा हिशेब. मोनीझ यांचे हात संधिवाताने वाकडे झालेले. त्यामुळे प्रत्यक्ष हाताचे काम आल्मेइदा लिमा हे त्यांचे तरुण सहकारी करीत. पहिले प्रयत्न फसले. आधी वापरलेल्या दुसऱ्या क्षाराने एक रोगी दगावलासुद्धा. अखेर २८ जून १९२७ रोजी सोडियम आयोडाइड वापरून जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्यांचे स्पष्ट चित्र मिळाले. मोनीझ यांना पुढे १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण गंमत अशी, की ते या शोधासाठी नव्हते. ते होते मेंदूवरच्या एका शस्त्रक्रियेसाठी, आणि ती शस्त्रक्रिया वैद्यकाने नंतर टाकून दिली. टिकला तो हा धमन्यांच्या चित्राचा शोध.

या चित्रांतून डॉक्टरांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली. साधी, संथ गाठ धमनीला नुसती बाजूला सारते. पण दांडग्या, वेगाने वाढणाऱ्या गाठीच्या आत रक्तवाहिन्यांचा गुंता दिसतो, मांजराने खेळून टाकलेल्या सुताच्या गुंडीसारखा. म्हणजे गाठ किती वाईट आहे याची खूण तिच्या रक्तवाहिन्यांत असते. ही ओळख पटली. पण 'या वाहिन्या तिथे आल्या कुठून' हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. गाठीमुळे सूज येते, सुजेमुळे रक्त धावते, अशी समजूत.

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांत अमेरिकेतल्या अल्जायर आणि चॉकली यांचे नाव घेतले पाहिजे. त्यांनी उंदराच्या कातडीत काचेची बारीक खिडकी बसवली आणि आत रोवलेल्या गाठीकडे रोज पाहत बसले. १९४५ साली त्यांनी लिहिले, की गाठीच्या पेशी शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे कोंब फोडायला लावतात आणि गाठीची वाढ त्यावर अवलंबून असते. त्यांच्याकडे त्या वेळी फारसे लक्ष गेले नाही.

पुढे १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलात जूडा फोकमन नावाचा तरुण शस्त्रवैद्य नेमणुकीवर होता. लांबच्या प्रवासात जहाजावर रक्त टिकवणे अवघड, म्हणून रक्ताऐवजी काय वापरता येईल याचे प्रयोग त्याच्याकडे होते. काचेच्या भांड्यात प्राण्याच्या गळ्यातली एक ग्रंथी जिवंत ठेवायची, तिच्यातून रक्ताऐवजीचे द्रव्य फिरवायचे, आणि त्या ग्रंथीवर गाठीच्या पेशी पेरायच्या. पेशी रुजल्या, वाढल्या आणि मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्यावर थांबल्या. मेल्या का? नाही. त्याच पेशी उंदराच्या अंगात घातल्या, तर पुन्हा फोफावल्या. म्हणजे बी खराब नव्हते, जमीनही नापीक नव्हती. कमी होते ते पाणी. काचेतल्या त्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटतच नव्हत्या.

यामागचा हिशेब साधा आहे. रक्तवाहिनीतून बाहेर पडलेला प्राणवायू मांसात फार दूर जात नाही. केसाच्या एक-दोन जाडीइतके अंतर गेला की संपतो. म्हणून गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची असेल, तर तिला नवे पाट काढलेच पाहिजेत. हा विचार फोकमन यांनी १९७१ साली एका प्रबंधात मांडला आणि पुढचे पाऊल टाकले: पाट बंद करा, गाठ वाळेल. पुष्कळ वर्षे त्यांच्या या म्हणण्याला जाणत्या मंडळींनी नाके मुरडली. 'गाठ असे कोणते द्रव्य सोडते ते दाखवा' असे लोक म्हणत.

ते द्रव्य पुढे सापडले. १९८३ साली बोस्टनला सेंगर आणि ड्वोरॅक यांना गाठीतून निघणारे असे द्रव्य मिळाले, की ज्याने रक्तवाहिन्या पाझरू लागतात. आणि १९८९ साली कॅलिफोर्नियात फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रक्तवाहिन्या वाढवणारे द्रव्य मिळाले. ताडून पाहतात, तो दोन्ही द्रव्ये एकच! त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'व्हेजेफ' म्हणतात. मंडळी, ही बाब नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा इथूनच निघतो. एकच द्रव्य दोन कामे करते. ते नवे पाट काढते, आणि असलेले पाट पाझरतेही करते. वाढ ही एक गोष्ट, पाझर ही दुसरी. दोन्ही बहुधा बरोबर दिसतात, पण त्या एक नव्हेत.

आता थोडे एम. आर. आय. कडे वळू. कारण पाट आहेत हे कळले, तरी जिवंत माणसाचे डोके न उघडता ते मोजायचे कसे?

आपल्या शरीरात पाणी पुष्कळ. पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनच्या प्रत्येक अणूचे केंद्र हे जणू एक इवलेसे लोहचुंबक. माणसाला जबर चुंबकाच्या पोटात निजवले, की ही इवली चुंबके त्याच्या ओढीत येतात. मग रेडिओच्या लहरींचा एक ठोका दिला, की ती हेलकावे खातात आणि पुन्हा ठिकाणावर येताना स्वतः बारीक लहर सोडतात. ती लहर ऐकून यंत्र चित्र बनवते. आपण आकाशवाणी ऐकतो त्याच जातीच्या या लहरी, बरं का! क्ष-किरणांचा इथे संबंध नाही. रुग्णालयात नेहमी दिसणाऱ्या दीड टेस्लाच्या यंत्रातले चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे तीस हजार पट जोरकस असते.

अणूंची ही हाक प्रथम ऐकली ती १९४५-४६ च्या सुमारास फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी, अमेरिकेत, निरनिराळ्या ठिकाणी. १९५२ साली दोघांना मिळून नोबेल मिळाले. यात आपल्या देशाचाही वाटा आहे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी नळीतून वाहणाऱ्या द्रवातली ही हाक मोजली आणि प्रवाहामुळे ती कशी बदलते, हे १९५१ साली छापले. वाहते द्रव चुंबकाला ओळखू येते, हे त्यातून दिसले. १९५९ साली अमेरिकेत सिंगर यांनी उंदराच्या शेपटीतले वाहते रक्त याच रीतीने मोजून दाखवले. चित्र अजून कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

१९७१ साली रेमंड डमेडियन यांनी उंदरांच्या गाठी काढून तपासल्या आणि सांगितले, की गाठीतल्या पाण्याची हाक निरोगी मांसातल्या पाण्यापेक्षा जास्त वेळ रेंगाळते. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी हाकेवरून चित्र कसे काढायचे ते दाखवले. चित्र कशाचे, तर साध्या पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे! त्यांचा लेख त्या नामांकित नियतकालिकाने आधी परत पाठवला होता. इंग्लंडात नॉटिंगहॅमला पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ साली झटपट चित्र घेण्याची रीत मांडली. त्याच वर्षी ३ जुलैला डमेडियन यांनी माणसाच्या छातीचे एक चित्र काढले. त्याला जवळजवळ पाच तास लागले. २००३ चे नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळाले, डमेडियन यांना नाही, आणि त्यावरून बराच वाद झाला. तो वाद आज बाजूला ठेवू. मॅन्सफील्ड यांची झटपट रीत मात्र विसरू नका. ती पुढे कामाला येणार आहे.

मेंदूची एक खासियत इथे सांगितली पाहिजे. १८८५ साली जर्मनीत पाउल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तर सगळे अंग रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या, की परके द्रव्य सहसा आत शिरत नाही. जुन्या वाड्याच्या देवडीवर पहारेकरी बसावा, तसा हा पहारा. पण गाठीने घाईघाईने काढलेल्या पाटांना कुठला आला पहारा? ना उतार नीट, ना बांध पक्का. ते जागोजाग पाझरतात.

याच गोष्टीचा उपयोग १९८४ साली लंडनमध्ये केला गेला. गॅडोलिनियम नावाच्या धातूचे एक सुरक्षित बांधलेले औषध दंडातल्या शिरेतून टोचले आणि मेंदूत गाठ असलेल्या रोग्यांची चुंबकाची चित्रे घेतली. जिथे औषध पाझरून मांसात साचले, तिथे चित्र लख्ख उजळले. डॉक्टरांना केवढा आनंद! लवकरच जगभर हीच रीत पडली. जी गाठ उजळते ती दांडगी, जी उजळत नाही ती गरीब, असा ठोकताळा बसला.

पण पाहा, उजळते काय? पाझर. मोजायचे काय होते? पाट. शेतात ओल दिसली, म्हणजे पाट मोठा आहे असे थोडेच आहे? बारीक पाटही फुटका असेल तर रान चिखल करील, आणि रुंद पाट पक्का बांधलेला असेल तर काठ कोरडे राहतील. काही दांडग्या गाठी उजळत नाहीत, काही गरीब गाठी उजळतात. ठोकताळा अधूनमधून दगा देऊ लागला.

यातून वाट काढली ती वाहत्या पाण्याच्या जुन्या विचाराने. पाटात किती पाणी खेळते हे कळायला हवे असेल, तर वरच्या तोंडाशी रंगाची एक घागर एकदम ओतावी आणि खाली वावरापाशी बसून रंग किती गडद येतो आणि किती वेळ टिकतो ते पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्ट्यूअर्ट या शरीरशास्त्रज्ञाने रक्तात मीठ सोडून असाच प्रयोग केला होता. त्याचे पक्के गणित १९५४ साली मायर आणि झिअरलर यांनी मांडले. आता घागर म्हणून गॅडोलिनियम आहे, आणि पाहायला चुंबक आहे. अडचण एकच. औषधाची लाट मेंदूतून काही सेकंदांत निघून जाते. पाच तासांना एक चित्र काढणारे यंत्र काय कामाचे? इथे मॅन्सफील्ड यांची झटपट रीत धावून आली. दर सेकंद-दीड सेकंदाला सबंध मेंदूचे एक चित्र!

१९८८ साली बोस्टनच्या मंडळींनी उंदरांच्या मेंदूत हे करून दाखवले. गंमत अशी, की जे औषध मांसात साचले म्हणजे चित्र उजळवते, तेच रक्तवाहिनीतून दाटीने जात असताना या झटपट चित्रांत आसपासचा भाग काळवंडवते. लाट आली की चित्र काळे पडते, गेली की पुन्हा उजळते. काळवंडणे जितके खोल आणि जितके लांब, तितके त्या जागी रक्त जास्त. रक्त जास्त म्हणजे रक्तवाहिन्या जास्त. गाठीतला आकडा शेजारच्या निरोगी मेंदूतल्या आकड्याशी ताडायचा, म्हणजे गाठीत रक्ताचा साठा किती पट आहे ते निघते. १९९४ साली बोस्टनच्याच आरोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे सूक्ष्मदर्शकाखालच्या गाठीशी जुळवून पाहिले. ज्या गाठीत रक्ताचा साठा मोठा, तिच्यात खरोखरच वाहिन्यांची दाटी होती आणि ती वरच्या प्रतीची, म्हणजे जास्त वाईट, निघत होती.

२००३ साली न्यूयॉर्कच्या लॉ आणि सहकाऱ्यांनी १६० रोग्यांचा हिशेब छापला. नेहमीच्या चित्रावरून शंभरांतल्या सुमारे ७२ दांडग्या गाठी ओळखू येत होत्या. रक्ताचा साठा निरोगी भागाच्या पावणेदोन पटीहून जास्त ही खूण धरली, तर शंभरांतल्या ९५ ओळखू येऊ लागल्या. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच खुणेने शंभर गरीब गाठींपैकी चाळीसहून जास्त गाठी दांडग्या ठरत होत्या. म्हणजे जाळे बारीक विणले, की मासा सुटत नाही खरा, पण काडीकचराही अडकतो. म्हणून हा आकडा डॉक्टर एकट्याने वापरीत नाहीत. तुकडा काढून तपासायचा झाला तर सुई कोणत्या जागी घालावी, हे ठरवायला मात्र तो फार उपयोगी पडतो. गाठ सगळीकडे सारखी नसते. सर्वांत दाट पाट जिथे, तिथलाच तुकडा खरी जात सांगतो.

आता आपण आरंभीच्या त्या गृहस्थाकडे येऊ. २००५ सालापासून मेंदूतल्या सर्वांत दांडग्या गाठीवर, म्हणजे ग्लिओब्लास्टोमावर, किरणांबरोबर टेमोझोलोमाइड नावाच्या गोळ्या देण्याची पद्धत रूढ झाली. त्याने रोग्यांचे आयुष्य वाढले. पण डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. उपचार संपल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काही रोग्यांच्या चित्रातला डाग वाढतो आणि मग काही न करता आपोआप ओसरतो. ही गाठीची वाढ नव्हतीच. किरणांनी दुखावलेल्या वाहिन्या पाझरत होत्या. याला 'खोटी वाढ' म्हणतात. हे ठाऊक नसताना किती जणांचा चांगला चाललेला उपचार मध्येच थांबवला गेला असेल, याचा विचार मनात येतो आणि अस्वस्थ व्हायला होते. इथे रक्ताचा साठा मोजणे कामी येते. डाग उजळ आहे, पण रक्ताचा साठा कमी आहे, तर बहुधा ती जखम. डाग उजळ आहे आणि साठाही मोठा आहे, तर गाठीने पुन्हा पाट काढले, असा संशय घ्यावा.

याच्या उलट फसगतही झाली. फोकमन यांचे म्हणणे अखेर औषधाच्या रूपाने खरे होऊ लागले. 'व्हेजेफ' या द्रव्याला अडवणारे बेव्हासिझुमॅब नावाचे औषध २००४ साली अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. फोकमन यांनी ते पाहिले. २००८ साली ते वारले. २००९ साली परत उलटलेल्या ग्लिओब्लास्टोमासाठीही या औषधाला मंजुरी मिळाली. औषध दिले की उजळ डाग पाहता पाहता मावळत असे! घरच्यांना वाटे, जादू झाली. पण आपल्याला आता ठाऊक आहे, की ते द्रव्य दोन कामे करते. औषधाने पाझर बंद झाला, बांध लिंपले गेले, म्हणून उजळणे थांबले. गाठ मात्र कित्येकदा आत होती तिथेच होती, आणि कधी उजेडात न येता कडेकडेने पसरत होती. २०१४ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल छापले गेले. दोन्ही मिळून दीड हजारांहून अधिक नवे रोगी त्यांत होते. चित्रात गाठ थोपलेली दिसण्याचा काळ लांबला, पण एकंदर आयुष्य वाढले नाही. तरीही या औषधाने सूज उतरते, काही रोग्यांची डोकेदुखी आणि स्टिरॉइडच्या गोळ्या कमी होतात, म्हणून त्याचा उपयोग होतो. पण चित्र सुधारले म्हणजे माणूस सुधारलाच असे नाही, हा धडा महागात मिळाला.

म्हणून २०१० साली देशोदेशींच्या तज्ज्ञांनी चित्र वाचण्याचे नवे नियम बांधले. किरणोपचार संपल्यानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत, किरण दिलेल्या जागीच डाग वाढला, तर एवढ्यावरून गाठ परत आली असे म्हणू नये. आणि डाग आटला, तर निदान चार आठवडे तो आटलेला राहतो का ते पाहावे. नुसते उजळणे पाहू नये; न उजळणारा भाग, रोग्याची ताकद, स्टिरॉइडचे प्रमाण, सगळे पाहावे. शेतकऱ्याला हे नवे नाही. एका पावसावर पेरणीचा निकाल कोण लावतो?

आणखी दोन रीती सांगतो. १९९१ साली टॉफ्ट्स आणि करमोड यांनी पाझर किती वेगाने होतो ते मोजण्याचे गणित दिले, म्हणजे पाट आणि पाझर वेगवेगळे मोजता येऊ लागले. आणि १९९२ साली डीटर आणि सहकाऱ्यांनी औषध न टोचता, मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यालाच चुंबकाने खूण करून ते मेंदूत किती पोचते हे मोजले. ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत अशा रोग्यांना ही रीत सोयीची, कारण काही जातींच्या गॅडोलिनियमने अशा रोग्यांना कातडी ताठरण्याचा गंभीर विकार होतो, हे २००६ साली ध्यानात आले. पुढे २०१४ साली असेही दिसले, की वारंवार टोचल्यास या धातूचा लवलेश मेंदूत राहतो. त्याने काही अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी युरोपात काही जातींची औषधे २०१७ साली मागे घेतली गेली, आणि गरज असेल तेव्हाच टोचावे असा दंडक पडला.

या मोजणीची मर्यादाही सांगतो. मेंदूतली एक जात अशी आहे, की तिच्यात मुळातच बारीक वाहिन्यांचे दाट जाळे असते. ती संथ असली तरी तिचा रक्ताचा आकडा मोठा येतो, आणि न जाणणारा घाबरतो. शिवाय पाझर फार असेल तर साठ्याचा आकडाही चुकतो. तो दुरुस्त करून घ्यावा लागतो. २०२१ सालापासून मेंदूतल्या गाठींची जात ठरवताना जागतिक आरोग्य संघटनेने गुणसूत्रांतल्या खुणांना मोठे स्थान दिले आहे. तेव्हा अखेरचा निवाडा काढलेल्या तुकड्याचा आणि काळाचा. चित्र हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

जाता जाता चार व्यवहाराच्या गोष्टी. एम. आर. आय. च्या यंत्रात फार ठकठक आवाज होतो, पण त्यात विजेचा धक्का बसत नाही. अंगात लोखंडी तुकडा, हृदयाचे यंत्र, जुनी क्लिप असे काही असेल, तर ते आधी सांगावे, लपवू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तोही सांगावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, जुनी चित्रे आणि तबकड्या फेकून देऊ नका. सातबारा जपतो तशा जपा. नव्या चित्राचा अर्थ जुन्या चित्राशेजारी ठेवल्यावरच लागतो.

शिक्षक बंधूंना एक सुचवतो. वर्गात दोन काचेच्या नळ्या घ्या, एक रुंद आणि पक्की, एक बारीक आणि छिद्र पाडलेली. दोन्हींखाली टीपकागद ठेवून रंगीत पाणी सोडा. कागदावरचा डाग कुठे मोठा पडतो आणि पाणी कुठे जास्त वाहते, हे मुलांना विचारा. दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरे आली, की या शंभर वर्षांच्या कथेतले मर्म त्यांना कळले असे समजा.

आणि त्या गृहस्थांच्या घरच्यांनी काय करावे? पांढरा डाग पाहून त्याच दिवशी धीर सोडू नये, आणि डाग मावळला म्हणून त्याच दिवशी पेढेही वाटू नयेत. डॉक्टरांना एवढेच विचारावे: 'साहेब, हा पाझर आहे की पाट?' हा प्रश्न विचारायला वैद्यकाला पुष्कळ वर्षे लागली. आपल्याला तो आज विचारता येतो.